बसमध्ये मागच्या सीटवर जाऊन बस

आदरणीय मावशी, सलाम.

मी पंचवीस वर्षांचा आहे. नगरच्या एमआयडीसीत नोकरी करतो. गेल्या वर्षीपासून आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, किशोरवयीन मुलांचा संघ माझ्याकडे आहे. आठवी ते बारावीची वीसेक मुलंमुली येतात. ऑगस्टमध्ये आम्ही भंडारदऱ्याला एक दिवसाची सहल काढली. माणशी सहाशे रुपये वर्गणी घेतली, बाकीचे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीने दिले. कार्यक्रम मी राबून आखला होता. पोचल्यावर भक्ती, मग ओळखीचे खेळ, संदेश, जेवण, गटचर्चा, साक्षी आणि शेवटी समर्पणाची प्रार्थना. गटचर्चेत एकानेही तोंड उघडलं नाही. ‘घरी कशाचं टेन्शन असतं?’ असं विचारलं तर सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. येताना मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून हिशेब उरकला, आणि मागे हीच मुलं घसा फुटेस्तोवर गात होती. आता रविवारी भेटली की ‘हो दादा’, ‘बरं दादा’, नाहीतर ‘पुढची ट्रिप कधी?’ कमिटीतले एक काका म्हणाले, ‘पिकनिकला आता एक रुपया मिळणार नाही, त्यापेक्षा उपास-प्रार्थना ठेवा.’ आमच्या मुलांनी वर्गातले दोन मित्र आणले होते, हिंदू घरातले. त्यांतल्या एकाच्या आईने फोन करून मला चांगलंच सुनावलं, की प्रार्थना असणार हे आधी का सांगितलं नाही. आणि नववीतली एक मुलगी सहलीनंतर मला रात्री उशिरा मेसेज करते. घरात भांडणं होतात, पप्पा पितात, असं काही. ‘दादा, कोणाला सांगू नका’ म्हणते. कोणीतरी बोलतंय याचा आनंद मानू की घाबरू? आणि सहली बंद करू का?

— एक युवक कार्यकर्ता, नगर

सलाम बाळा.

तुझं पत्र मी शेवटाकडून घेते, कारण सहलीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, त्या मुलीचं नाही.

ती बोलते हे चांगलंच आहे. पण रात्री साडेअकरा वाजता, फक्त तुझ्याशी, आणि कोणाला न सांगण्याच्या बोलीवर, हे तिन्ही एकत्र चालायचं नाही. तुझ्या मनात काही वावगं नाही हे मला पत्रावरून दिसतं, पण प्रश्न तुझ्या मनाचा नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पंचवीस वर्षांचा एकच दादा आधार वाटू लागला, तर उद्या तू नोकरीसाठी चाकणला गेलास की ती पुन्हा उघड्यावर पडेल. शिवाय तिच्या घरी तो फोन कोणाच्या हाती लागला, तर मार तिला बसेल आणि नाव तुझं खराब होईल. तेव्हा उद्या दिवसाउजेडी तिला लिही, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. मी एकटा यात पुरा पडणार नाही. आपण अमुक मावशींना बरोबर घेऊ, चालेल का? तुला कोण चालेल ते तूच सांग.’ पाळकसाहेबांच्या पत्नी असतील, संडे स्कूलच्या बाई असतील. निवड तिची असू दे, पण बाई हवी. आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन यापुढे कोणत्याच मुलाला देऊ नकोस. ‘गावभर करणार नाही, पण तुला धोका आहे असं वाटलं तर गप्पही बसणार नाही,’ एवढंच म्हण. मुलं हे समजून घेतात. उलट अशा माणसावर जास्त विसंबतात.

त्या मावशींनी तिच्याशी बोलताना मारहाण आहे का, तिला घरात कोणाची भीती वाटते का, हे सावकाश काढून घ्यावं. तसं काही असेल तर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. आणि लैंगिक छळाची नुसती शंका जरी आली, तरी तिथे मंडळीची अब्रू, घराची अब्रू, ‘आपण आपल्यात मिटवू’ या गोष्टींना जागा नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे, आणि असं काही कळलेल्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हाच. हे तुझ्या पंचकमिटीलाही माहीत असायला हवं. पुढच्या सभेत विषय काढ.

आता सहलीकडे येते.

तू दिलेला कार्यक्रम मी दोनदा वाचला. भक्ती, खेळ, संदेश, चर्चा, साक्षी, समर्पण. बाळा, ही सहल कुठे, ही तर रविवारची उपासना धरणाकाठी नेऊन मांडलीस! मुलांना बसून ऐकायचंच होतं तर त्यासाठी चार तासांचा रस्ता आणि सहाशे रुपये कशाला? आणि त्या सबंध दिवसात मुलं स्वतःहून मोकळी झाली ती एकाच ठिकाणी, परतीच्या बसमध्ये. तेव्हा तू कुठे होतास? पुढे, ड्रायव्हरशेजारी, डिझेलच्या पावत्या जुळवत.

हिशेब दुसऱ्या दिवशी झाला असता.

मी आयुष्याची बरीच वर्षं मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये काढली. तिथे एक गोष्ट फार लवकर ध्यानात येते. या वयाची मुलं समोरासमोर बसवून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. गोल करून बसवलं, मोठ्याने डोळ्यांत बघून ‘मनातलं सांग’ म्हटलं, की त्यांना ती तोंडी परीक्षा वाटते. वर आजूबाजूला वर्गमित्र, आणि त्यांतल्याच एका मुलावर किंवा मुलीवर जीव जडलेला! कोण कशाला बोलेल? तीच मुलगी कांदा चिरताना, मान खाली घालून, तुझ्याकडे न बघता सगळं सांगते. हात कामात आणि नजर भलतीकडे असली की जीभ सुटते.

एका सहलीतलं सांगते. जेवणं झाली होती, बाकीची मुलं क्रिकेट खेळत होती. पोह्यांचं पातेलं खाली करपलं होतं, ते घासायला एक दहावीचा मुलगा आणि मी नळावर बसलो. तो एरवी ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे न बोलणारा. नारळाच्या शेंडीने तळ खरवडत होता. मी काहीच विचारलं नाही, राख पुढे सरकवत राहिले. बऱ्याच वेळाने पातेल्याकडे बघतच म्हणाला, ‘मी सायन्स घेणार नाहीये. घरी माहीत नाही अजून.’ मी म्हटलं, ‘मग काय घेणार?’ तर आयटीआय, डिझेल मेकॅनिक. चुलत्याच्या गॅरेजमध्ये दर सुट्टीत जातो, इंजिन उघडून जोडतो. मग जे बोलायला लागला ते पातेलं आरशासारखं झालं तरी थांबेना. मी तिथे उपदेश केला नाही, वचन दिलं नाही, बायबलमधली ओळ सांगितली नाही. ‘पप्पांना सांगताना मी शेजारी असले तर चालेल का?’ एवढंच विचारलं. पुढे त्यांच्या घरी गेले, चहा झाला, थोडा आवाजही चढला, पण विषय निघाला.

तुझ्या गटचर्चेच्या वेळेत असं एखादं पातेलं ठेव.

अम्माऊसच्या वाटेची गोष्ट तू शेकडो वेळा ऐकली असशील. लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातली. अम्माऊस गावाकडे निघालेल्या दोघा शिष्यांबरोबर पुन्हा उठलेला प्रभू येशू आधी नुसता चालतो, ते त्याला ओळखत नाहीत. मग विचारतो, चालताना तुमचं काय बोलणं चाललंय? आणि त्यांचं सगळं, निराशेसकट, ऐकून घेतो. शास्त्राचा उलगडा त्यानंतर येतो, आणि ओळख पटते ती तर जेवणाच्या ताटावर. आपण नेमकं उलटं करतो. आधी उलगडा, मग चर्चेचे प्रश्न, आणि चालायला वेळच उरत नाही.

तेव्हा चालण्याचीच सहल काढ. भंडारदरा सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण वर्षातून एकदा पुरे. तुझ्या दारात चांदबिबीचा महाल आहे. खरं तर ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर, पण नगरात तसं कोण म्हणतंय! शहरापासून बारा-तेरा किलोमीटर. पाथर्डीकडे जाणाऱ्या एसटीने पायथ्याशी उतरायचं आणि डोंगर चढून जायचं. डोंगरगणची दरी आहे, शेजारी मांजरसुंब्याचा गड आहे. सकाळी निघून दुपार टळायच्या आत घरी. एसटीत मुलींना अर्धं तिकीट आहे, मुलांचं पूर्ण धरलं तरी तुझ्या सहाशेच्या पासंगालाही खर्च पुरत नाही. डब्यात घरची भाजी-भाकरी, चटणी. कोणाच्या घरून काय आलंय ते वाटून खाताना अर्धी ओळख आपोआप होते. तुझ्या त्या ‘ओळखीच्या खेळां’ची गरजच पडत नाही. (ते खेळ मुलांना आवडतात असं कोणी तुला सांगितलं? पंधरा वर्षांच्या मुलाला डोक्यावर फुगा धरून मित्रांसमोर पळायला लावणं ही त्याच्या दृष्टीने शिक्षा असते.)

वर्गणीचंही बोलायला हवं. सहाशे रुपये भरता आले नाहीत म्हणून त्या दिवशी ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरी राहिलेलं एखादं पोर तुझ्या संघात नक्की असेल. यादी काढून बघ, कोण आलं नव्हतं. आपल्या मंडळ्यांत अजून कितीतरी घरं रोजंदारीवर चालतात, आणि या वयातल्या पोरांना गरिबीपेक्षा गरिबी दिसण्याची लाज जास्त असते. ‘ज्याला शक्य नाही त्याने सांगावं’ असं भर सभेत म्हणू नकोस, कोणी सांगणार नाही. वर्गणी पाकिटात घे, पाकिटावर नाव नको. खर्च आधीच इतका कमी ठेव की दोन पाकिटं रिकामी निघाली तरी अडणार नाही.

आणि चढताना तू कुठे असशील? पुढे नाही. पुढे गिटारवाला असतो, विनोद करणारा असतो, जिला ‘दादा, दादा’ करत मिरवायला आवडतं ती असते. त्यांना तुझी तशी गरज नाही, गरज असलीच तर तुलाच त्यांची आहे, कारण त्यांच्यात राहिलं की आपण लाडके दादा आहोत असं वाटतं. तू शेवटी राहा. शेवटी जो चालतो त्याचा बूट फाटलेला असतो, दम लागलेला असतो, किंवा पुढच्या टोळक्याने त्याला आत घेतलेलं नसतं. त्याच्याबरोबर सावकाश चाल. गप्प राहिला तर गप्प चाल. क्रिकेटचं बोल, तो कुठला गेम खेळतो ते विचार, आणि खरंच समजत नसेल तर शिकवायला सांग. पोरांना शिकवायला फार आवडतं, त्यांना तशी संधी कोणी देत नाही एवढंच.

कामं मुलांना दे. सगळी. एसटीचं वेळापत्रक एकीने काढायचं, पोहे-शेंगदाणे दोघांनी आणायचे, पैसे एकाने सांभाळायचे, प्रथमोपचाराची पेटी एकाकडे. चूक होईल. मीठ विसरतील. विसरू देत. तू गुपचूप आपल्या बॅगेतून मिठाची पुडी काढून दिलीस तर सगळं मुसळ केरात. अळणी पोहे खाऊन घरी आलेली मुलं वर्षभर त्याच्यावर हसतात, आणि ते हसणं सगळ्यांचं सामायिक असतं.

फोन जमा करण्याच्या मी विरोधात आहे. तू कस्टमवाला नाहीस, शिवाय आयांना पोरांची खबर लागते. एकाला फोटो काढायचं काम दे, दुसरीला गाण्यांचं, बाकीच्यांचे फोन चढावर आपोआप खिशात जातात. मात्र मुलींचे, मुलांचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर किंवा इन्स्टावर टाकण्याआधी त्यांना आणि घरच्यांना विचार. धबधब्यात भिजलेल्या पोरीचा फोटो स्टेटसला ठेवणारे उत्साही कार्यकर्ते मी पाहिलेत, त्यांना कान धरून बाहेर काढावंसं वाटतं.

मग प्रार्थना नकोच का? तुझ्या कमिटीतले काका नेमकं हेच विचारतील. हवी ना. पण लहान. वर पोचल्यावर, वारा लागत असताना, मुलांनीच निवडलेलं एक गाणं, शास्त्रातल्या पाच-सहा ओळी, आणि एखाद्या मुलाने स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना, मग ती ‘प्रभू, आज पाऊस नको’ एवढीच का असेना. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू किनाऱ्यावर विस्तव करून मासे भाजतो, ‘या, न्याहारी करा’ म्हणतो, आणि पेत्राला ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ हा अवघड प्रश्न विचारतो ते सगळ्यांची न्याहारी झाल्यावर. भुकेल्या पोरांना संदेश देऊ नये, यापेक्षा मोठा आधार मला सापडत नाही.

समर्पणाच्या प्रार्थनेबद्दल, म्हणजे ‘मी स्वतःला प्रभूला देतो’ असं मुलांकडून म्हणवून घेण्याबद्दल, मात्र मी जरा कडक बोलणार आहे. मुक्कामी शिबिरांत एक पद्धत रुळली आहे. शेवटच्या रात्री शेकोटी, दिवे बंद, कीबोर्डवर मंद सूर, आणि दिवसभर पळून दमलेल्या मुलांना ‘आज निर्णय घ्या, कोण उभं राहतंय’ असं विचारायचं. मुलं रडतात. एक रडलं की बाकीची रडतात. दुसऱ्या दिवशी अहवालात आकडा जातो. तेराव्या वर्षी अर्धवट झोपेत उभं राहिलेलं पोर पंधराव्या वर्षी ‘मला तर काहीच वाटत नाही, म्हणजे मी खोटा आहे’ असं मनात धरून मंडळीपासून लांब जातं, ते त्या अहवालात कधी येत नाही. मला असे दोघे-तिघे मोठेपणी भेटलेत. ज्याला प्रभूकडे यायचंय त्याला भर उन्हात, पोटभर जेवल्यावर, पूर्ण जागेपणी येऊ दे.

त्या हिंदू आईचा फोन तुला लागला, साहजिक आहे. पण तिचं चुकलं नाही. तिने मुलाला सहलीला पाठवलं होतं, उपासनेला नाही. उलट विचार कर. आपल्या मंडळीतल्या एखाद्या मुलीला शेजाऱ्यांनी ‘फिरायला नेतो’ म्हणून नेलं, आणि तिथे आरती-होम झाला, तर आपली पंचकमिटी काय म्हणेल? त्यातून आजचे दिवस तुला माहीत आहेत, धर्मांतराचा नुसता आरोप व्हायला किती वेळ लागतो तेही. पण भीती बाजूला ठेवली तरी सरळपणा म्हणून काही आहेच. या आठवड्यातच त्या घरी जा, फोन नको, समक्ष. ‘मी आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं,’ म्हण आणि चहा देतील तो पी. पुढच्या वेळी प्रत्येक घराला, ख्रिस्ती असो वा नसो, एक चिठ्ठी जाऊ दे. कुठे जाणार, कशाने जाणार, किती वाजता परत, बरोबर मोठं कोण कोण, खर्च किती, आणि सकाळी पंधरा मिनिटं गाणं-प्रार्थना होईल, तेव्हा कोणाला बाजूला बसायचं असेल तर चालेल. खाली आईवडिलांची सही. मित्र यायला हवेतच. ज्या मुलाला आपला वर्गमित्र मंडळीच्या सहलीला आणावासा वाटतो, त्याला मंडळीची लाज वाटत नाही, एवढं तरी तुझ्या भंडारदऱ्याने साधलं होतं की! फक्त तो मित्र मित्र म्हणून यावा. त्याच्यावर कोणाचा डोळा नसावा.

आता पाणी. ऑगस्टात भंडारदरा म्हणजे सगळीकडे धबधबे. तू लिहिलं नाहीस, पण मुलं पाण्यात उतरली असणारच. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली, मुलं होती त्यांत. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाण्याला जोर यायला मिनिटंही लागत नाहीत, आणि शेवाळलेल्या कातळावर पट्टीचा पोहणाराही उभा राहू शकत नाही. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, हे निघण्याआधी सांगायचं, चिठ्ठीत लिहायचं, आणि तिथे कोणी कितीही गळ घातली तरी मोडायचं नाही. पाण्याची एवढी हौस असेल तर उन्हाळ्यात शहरातल्या तलावावर जीवरक्षकाच्या देखत न्या.

आणि डोकी मोज. निघताना, उतरताना, जेवायच्या आधी, परत चढताना. हसू नकोस. वल्हांडणाच्या सणाहून परतताना योसेफ आणि मरीया एक दिवसाची वाट चालून गेले, तोवर बारा वर्षांचा येशू बरोबर नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं! असेल सोबत्यांत कुठेतरी, असंच त्यांनाही वाटलं. सापडला तीन दिवसांनी, मंदिरात, गुरुजनांत बसून प्रश्न विचारताना. तुझी मुलं हरवली तर मंदिरात सापडतील याचा भरवसा नाही.

मोठी माणसं किमान तीन, त्यांत एक तरी बाई. कोणत्याही मोठ्याने कोणत्याही मुलाला बंद खोलीत किंवा दुचाकीवर एकट्याने न्यायचं नाही, मग तो पाळकसाहेबांचा भाऊ का असेना. बोलायचं ते सगळ्यांना दिसेल अशा जागी, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. नळ, कठडा, झाडाखालचा दगड, एसटीची मागची सीट, जागा पुष्कळ असतात.

कमिटीतल्या काकांशी वाद घालू नकोस. त्यांना बरोबर ने. मनापासून सांगते. कांदे चिरायला बसव. हे वडीलधारे तरुणपणी डिसेंबरभर रात्री-रात्री कॅरल गात वस्त्यावस्त्यांतून हिंडलेले असतात, कोणाच्या दारात पेटीचा भाता फाटला, कोणाच्या घरी बारा वाजता गरम भजी मिळाली, कोणाचं लग्न त्या फेऱ्यांत जुळलं, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. त्यांची मंडळी त्यांना तिथेच मिळाली, आणि त्याला ते पिकनिक म्हणत नाहीत एवढंच. त्यांना ते मुलांपुढे सांगू दे. तुला पैसे मागावे लागणार नाहीत, आणि मुलांना आपल्याहून पन्नास वर्षांनी मोठा एक दोस्त मिळेल. कॅरलच्या फेऱ्याही या वर्षी मुलांवर सोपव, कोणत्या गल्लीत आधी जायचं इथपासून. त्याहून स्वस्त सहल मला ठाऊक नाही.

राहिला रविवारचा ‘हो दादा’. ते इतक्यात जाणार नाही आणि गेलं नाही तरी बिघडत नाही. मंडळीच्या आवारात आईवडील, आजी, पाळकसाहेब सगळे बघत असताना कोणतं पोर तुझ्या गळ्यात पडेल? सहलीनंतरच्या आठवड्यात काय करतोस त्याला महत्त्व आहे. एसटीत एकाने सांगितलं होतं की मंगळवारी गणिताची चाचणी आहे. मंगळवारी संध्याकाळी संघाच्या ग्रुपवर नाही, त्याच्या घरी डोकव, पाचच मिनिटं, ‘कसा गेला रे पेपर?’ एकीची फुटबॉलची मॅच आहे म्हणाली होती. शनिवारी अर्धी सुट्टी असेल तर मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहा, सोबत संघातली दोन-चार मुलं घेऊन. कोणी काय सांगितलं ते घरी आल्यावर वहीत दोन शब्दांत टिपून ठेव, नाहीतर विसरशील. वीस मुलं एकट्याने होणार नाहीत. पाच-सहा तू घे, बाकीची आणखी दोन-तीन मोठ्यांत वाटून दे, आणि नवीन दादा-ताईंची नोकरी बदलली तरी मुलांचं अडू नये म्हणून प्रत्येक पोराला दोघं तरी ओळखीची असू देत.

सहली बंद करू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत महाल कर, डिसेंबरात कॅरल, आणि मग दहावी-बारावीच्या पोरांना बोर्डाच्या परीक्षेपर्यंत मोकळं सोड. घरी नुसता डबा घेऊन जा त्यांच्याकडे. मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी डोंगरगणला जायचं, हे त्यांना आत्ताच सांगून टाक. उन्हं तापलेली असतील, तेव्हा सकाळी सहाची गाडी धरा आणि पाणी माणशी दोन लिटर घ्या.